टिंबं आणि उच्चार : हिब्रू प्रार्थना देवनागरीत आणतानाच्या नोंदी

६ जानेवारी

काम नेमकं काय ते आधी लिहून ठेवतो. स्वरचिन्हांसह छापलेला हिब्रू मजकूर घ्यायचा आणि त्याचा उच्चार देवनागरीत उतरवायचा. भाषांतर नाही, फक्त उच्चार. वाचणारे म्हणजे ठाणे, मुंबई, अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, घरं. प्रार्थना कानावर आहे, निम्मी तोंडपाठ आहे, पण हिब्रू अक्षर लागत नाही. बऱ्याच घरांत देवनागरीत उतरवलेल्या जुन्या वह्या आहेत, आणि एकाच स्तोत्राचं लेखन दोन वह्यांत सारखं सापडत नाही. म्हणून हाताने लिहिण्याऐवजी नियम लिहायचे आणि पायथनमधल्या छोट्या स्क्रिप्टकडून काम करून घ्यायचं.

आपण काही नवं करतोय असं नाही. १८३२ साली जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण मुंबईत छापलं होतं.

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. टिंबं आणि रेघा शेकडो वर्षांनी आल्या, मजकूर कसा वाचायचा ते विसरलं जाऊ नये म्हणून. बाबिलोनी, पॅलेस्टिनी आणि तिबेरियन अशा तीन पद्धती होत्या. टिकली ती तिबेरियन, गालील सरोवराकाठच्या तिबेरिया गावातल्या मसोरा (बायबलचं परंपरागत वाचन जपणाऱ्या) पंडितांची. त्यांतल्या अहरोन बेन आशेर यांच्या हातची चिन्हं असलेली अलेप्पोची बायबलची पोथी साधारण ९३० सालची. संपूर्ण बायबल एका ठिकाणी असलेली लेनिनग्राड पोथी १००८ सालची, आणि संगणकावर मिळणारा मजकूर बहुतेक तिच्यावरूनच घेतलेला असतो. मीही तोच घेतला.

९ जानेवारी

सोपा तक्ता आज झाला. हिरिक (खाली एक टिंब) म्हणजे इ. त्सेरे (दोन आडवी टिंबं) आणि सेगोल (तीन टिंबं, त्रिकोणात) दोन्ही ए. होलाम (डोक्यावर टिंब) ओ. कुबुत्स (तीन तिरकी टिंबं) आणि शुरुक (वाव अक्षराच्या पोटात टिंब) उ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आजच्या हिब्रूत कानाला लागत नाही, पण देवनागरीत काहीतरी निवडावंच लागतं. हिरिकनंतर योद अक्षर असेल तर दीर्घ ई, नसेल तर ऱ्हस्व. शुरुक दीर्घ, कुबुत्स ऱ्हस्व. शब्दाच्या शेवटी मराठीच्या रिवाजाने दीर्घच.

पताह, म्हणजे खालची साधी आडवी रेघ, हिच्यापाशी थोडा वेळ गेला. उच्चार स्वच्छ ‘आ’, फक्त आखूड. ‘अ’ लिहिला तर मराठी जीभ तो मिटल्या तोंडाचा करते. सगळीकडे ‘आ’ लिहिला तर ‘शाब्बात’ होतं आणि ते कोणी स्वीकारणार नाही. ठरवलं असं की पुढचं व्यंजन दुहेरी असेल तिथे ‘अ’, म्हणजे शब्बात, हल्लेल, इतरत्र ‘आ’. शास्त्र म्हणून हे लंगडं आहे, वाचायला मात्र बरोबर जातं.

त्सादी अक्षरासाठी ‘त्स’. खरं तर ‘चोर’मधला आपला च हुबेहूब तोच आवाज आहे. पण ‘चिंच’मधला च वेगळा आणि लिपीत दोघांना अक्षर एकच, त्यामुळे हातातला ऐवज वापरता येत नाही.

१५ जानेवारी

कामात्स. आडव्या रेघेला खाली छोटं शेपूट. तक्त्यात सोडून दिलेलं चिन्ह हेच, कारण त्याचे उच्चार दोन आहेत : बहुतेक वेळा ‘आ’, काही वेळा ‘ओ’. पहिल्याला मोठा कामात्स (गादोल) म्हणतात, दुसऱ्याला छोटा (कातान). दिसायला दोन्ही एकच.

एका चिन्हाला दोन आवाज का दिले असतील? तर दिलेच नव्हते. तिबेरियाच्या पंडितांच्या तोंडी तो एकच स्वर होता, ‘डॉक्टर’मधल्या ऑच्या जवळचा, आणि एका आवाजाला त्यांनी एक चिन्ह दिलं. पुढे सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यू) लोकांनी, ज्यांचं वाचन वेगळ्या परंपरेतून आलं होतं, हीच चिन्हं आपल्या उच्चारावर चढवली. त्यांच्याकडे त्या जागी कुठे आ होता, कुठे ओ. मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंनी, अश्केनाझींनी, सगळीकडे ओ धरला, म्हणून त्यांचा ‘शब्बोस’. आजचं इस्रायली हिब्रू या बाबतीत सेफार्दी वळणावर गेलं, आणि आपल्याकडचं वाचनही त्याच वळणाचं आहे.

शाळेत शिकवतात तो नियम असा : शब्दावयव बंद असेल (व्यंजनावर संपत असेल) आणि त्याच्यावर आघात नसेल, तर कामात्स म्हणजे ओ. एरवी आ.

नियम चोख वाटतो, आणि स्क्रिप्टमध्ये लिहायला घेतला की हातातून निसटतो. अवयव बंद आहे की नाही हे कळायला पुढच्या व्यंजनाखालचा श्वा (दोन उभी टिंबं) मुका आहे की बोलता, ते ठाऊक हवं. मुका म्हणजे स्वर नाही, बोलता म्हणजे ओझरता स्वर आहे. आणि श्वा मुका की बोलता हे ठरवायचा एक प्रमुख नियम काय? तर दीर्घ स्वरानंतरचा श्वा बोलता. मग कामात्स दीर्घ आहे का? श्वा बोलता असेल तर. झालं, फेरी मारून पुन्हा तिथेच.

स्वरांची पाच दीर्घ-पाच ऱ्हस्व अशी वाटणी योसेफ किमही यांची, १२व्या शतकातली. त्यांचे पुत्र दावीद किमही यांच्या व्याकरणामुळे ती घरोघरी गेली. शिकवायला ती उत्तम आहे, पण उच्चार आधीच येणाऱ्या माणसासाठी. ज्याला उच्चार येतच नाही त्याला, म्हणजे माझ्या स्क्रिप्टला, ती काही सांगत नाही.

नमुन्याची जोडी : आलेफ-कामात्स, खाफ-श्वा, लामेद-कामात्स आणि शेवटी ‘हे’ नावाचं अक्षर. चिन्हं तीच, क्रम तोच. ‘ओख्ला’ वाचलं तर अन्न. ‘आखेला’ वाचलं तर ‘तिने खाल्लं’. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, २९व्या ओवीत, देव माणसाला झाडं देतो ती ‘ओख्ला’साठी. तिसऱ्या अध्यायात हव्वा खाते तिथे खायचं क्रियापद. दुसऱ्या वाचनात पहिल्या कामात्सजवळ एक उभी रेघ, मेतेग, देतात. ती म्हणते, इथे थांब, स्वर मोठा आहे. मेतेग असेल तर प्रश्न मिटतो. पण पोथीत तो सगळीकडे नाही, आणि साध्या छपाईच्या प्रार्थनापुस्तकात तर कित्येकदा नसतोच.

‘होख्मा’ (शहाणपण) आणि ‘हाखेमा’ (ती शहाणी झाली) यांची गत तीच.

तेव्हा टिंबांवरून उच्चार काढणारा शुद्ध नियम इथे होऊ शकत नाही. शब्दाचं व्याकरण माहीत असावं लागतं. शब्दसूची ठेवायची : कातान कामात्स असलेली नामं आणि क्रियारूपं. यादी मोठी होईल पण अनंत नाही.

१८ जानेवारी

आघाताची बाजू. ‘काम’ (तो उठला) एकावयवी, आघात त्याच्यावरच, म्हणून आ. त्याच क्रियापदाचं, ‘आणि’ अर्थाचा वाव जोडून झालेलं कथनरूप ‘वय्याकोम’ : आघात मागे सरकतो, शेवटचा अवयव बंद आणि निराघात उरतो, कामात्सचा ओ होतो. लिहिताना दोन्हीकडे कामात्सच.

‘कोल’ (सर्व) हा शब्द पानोपानी येतो. पुढच्या शब्दाला माकेफने, म्हणजे जोडरेघेने, जोडला की त्याचा आघात जातो, म्हणून ओ. पण ‘खाफ-कामात्स-लामेद दिसलं की ओ’ असं ठोकून दिलं तर यशया ४०:१२ मध्ये फसायला होतं. तिथलं ‘वेखाल’ हे मापून घेण्याचं क्रियापद आहे, ‘सर्व’शी त्याचा संबंध नाही, आणि ते आ-नेच वाचायचं.

बायबलच्या मजकुरात आघात शोधायला गायनचिन्हं मदतीला येतात, कारण बहुतेक चिन्हं आघाताच्या अक्षरावर बसतात. बहुतेक. पश्ता कायम शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर असतो आणि आघात अलीकडे असेल तर तिथे दुसऱ्यांदा लिहितात. म्हणजे दोन दिसले तर पहिला खरा. तेलिशा गेदोला उलट, कायम शब्दाच्या सुरुवातीला. अशा चिन्हांची वेगळी यादी केली.

उलट्या दिशेचे अपवादही आहेत. ‘बात्तीम’ (घरं) नियमाने ‘बोत्तीम’ व्हायला हवं, होत नाही. ‘शोराशीम’ (मुळं) आणि ‘कोदाशीम’ यांत पहिला अवयव उघडा आहे, तरी ओ. हे मुकाट्याने पाठ करायचं.

२४ जानेवारी

श्वाचा आठवडा. एलियाहू बाहुर, ज्यांना युरोपात एलिया लेविता म्हणतात (१४६९–१५४९), त्यांनी बोलत्या श्वाचे पाच नियम आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे या पहिल्या पाच अक्षरांवर बसवून दिले. शब्दाच्या आरंभीचा, लागोपाठ दोन आले तर दुसरा, दीर्घ स्वरानंतरचा, दागेश (पोटातलं टिंब) असलेल्या व्यंजनाखालचा, आणि सारखी दोन व्यंजनं लागोपाठ असतील तर पहिल्याखालचा. पाचव्यामुळे ‘हालेलूया’त मधला ए ऐकू येतो. शब्दाच्या अगदी शेवटी दोन श्वा आले तर दोन्ही मुके : ‘वय्येश्त्’, तो प्याला.

पाचांपैकी तिसरा तेवढा वर्तुळात अडकलेला. बाकी चार स्क्रिप्टने एका दमात घेतले.

पडताळ्याला एक छान साधन मिळालं. बेत, गिमेल, दालेत, काफ, पे, ताव ही सहा व्यंजनं स्वरानंतर मऊ होतात, त्यांच्यातलं टिंब जातं. म्हणजे श्वानंतर यांपैकी एखादं टिंबासह आलं तर तो श्वा मुका समजायचा. ‘मालको’ (त्याचा राजा) यात काफला टिंब आहे, श्वा मुका. ‘मालखे’ (चे राजे) यात टिंब नाही आणि तरीही श्वा मुकाच वाचतात. या अधांतरी जातीला व्याकरणकारांनी मेराहेफ, तरंगता, असं नाव दिलं आणि पुढे निघाले. ‘श्तायिम’ (दोन) हा शब्द तर आरंभीच्या श्वानंतर तावला टिंब घेऊन बसतो, नियम क्रमांक एकच्या नाकावर.

आता देवनागरीची बाजू, आणि ही मला हिब्रूपेक्षा जड गेली. बोलता श्वा म्हणजे ओझरता स्वर; आपल्या ‘अ’ने तो लिहावा असं कुणालाही वाटेल. पण मराठी वाचक शब्दाच्या मधला अ गिळतो. ‘बसला’ आपण बस्ला म्हणतो, ‘करतो’ कर्तो म्हणतो. म्हणून ‘आखला’ लिहिलं की वाचणारा आख्ला म्हणणार, हव्वेने फळ खाल्लं याऐवजी बेत आखला असं होणार, आणि श्वा बोलता होता हे कळायचा मार्गच बंद. बोलता श्वा कायम एकाराच्या मात्रेने लिहायचा : आखेला, हाखेमा. मुका श्वा कायम जोडाक्षराने : ओख्ला, होख्मा. सुट्या अक्षरावर काही सोडायचं नाही. शब्दाच्या शेवटी एकटं व्यंजन असेल तर तसंच ठेवायचं, तिथला अ आपण आपोआप सोडतो. पण शेवटी जोडाक्षर आलं की आपण त्याला अ लावतो (‘भक्त’ म्हणून बघा), तिथे पाय मोडायचा.

आजचे इस्रायली लोक आरंभीचा श्वाही बहुधा खातात : क्फार, ग्वूल, श्लोमो. ल, म, न, र, य यांच्याखाली आणि बे-, ले-, वे- या उपसर्गांत मात्र ए राहतो. यासाठी स्क्रिप्टला वेगळी कळ ठेवली आहे. कुठली बाजू मुख्य, ते नंतर.

२ फेब्रुवारी

वाव. एकच अक्षर कधी व्यंजन, कधी ओ, कधी ऊ. पोटात टिंब असेल तर ऊ, किंवा दुहेरी व. डोक्यावर टिंब असेल तर ओ, किंवा ‘वो’. हा तिढा मात्र यंत्राला सुटतो, कारण हिब्रूत व्यंजनाला दोन स्वर नसतात. आधीच्या व्यंजनाला स्वर किंवा श्वा आधीच असेल, तर वाव व्यंजनच. ‘मित्स्वोत’मध्ये त्सादीखाली श्वा आहे, म्हणून वो. ‘त्सिव्वा’ (त्याने आज्ञा केली) यात वावला स्वतःचा कामात्स आहे, म्हणून पोटातलं टिंब दुहेरीचं. शब्दाच्या आरंभी टिंबवाला वाव आला तर थेट ऊ.

३ फेब्रुवारी

चोरटा पताह. शब्दाच्या शेवटी हेत, आयिन किंवा टिंबवाला हे असेल आणि त्याच्या खाली पताह असेल, तर तो व्यंजनाच्या आधी वाचायचा. रूआह (वारा, आत्मा), माशीआह, नोआह. मराठी बायबलात ‘नोहा’ आहे, तिथे क्रम उलटला. ‘शेमा’ (ऐक) या शब्दात पताह मेमखाली आहे आणि शेवटचा आयिन मुका, म्हणून तो यात धरायचा नाही.

या टप्प्यावर चाचणीसाठी सर्वात उपयोगी शब्द ‘एलोआह’. आरंभी हताफ सेगोल, मग होलाम, शेवटी टिंबवाला हे आणि त्याखाली चोरटा पताह. एका शब्दात चार नियम, आणि चारही लागले.

हताफ म्हणजे श्वा आणि स्वर यांचं जोडचिन्ह. कंठ्य व्यंजनांना नुसता बोलता श्वा पेलत नाही म्हणून. यात विशेष काही नाही, पूर्ण स्वर लिहायचा : मुंबईतलं १७९६ सालचं शाआर हाराहामीम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), बोलण्यातली ‘जुनी मशीद’, त्याच्या नावात हेतखाली हताफ पताह आहे.

१० फेब्रुवारी

युनिकोडने, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीने, दिवस खाल्ला. अक्षराखालची चिन्हं कोणत्या क्रमाने साठवायची याची एक ठरलेली उतरंड आहे, आणि ती हिब्रू वाचणाऱ्याच्या क्रमाशी जुळत नाही. शिनचं टिंब, ज्याने श आणि स वेगळे होतात, ते प्रमाण क्रमात स्वराच्याही नंतर जातं. स्क्रिप्टने अक्षर बघितलं, स्वर बघितला, आणि व्यंजन कोणतं ते शेवटी कळलं. म्हणून प्रत्येक अक्षराची सगळी चिन्हं आधी गोळा करून माझ्या क्रमाने लावतो, मगच नियम.

येरुशलेमचं उदाहरण याहून गमतीचं. बायबलात हा शब्द जवळजवळ सगळीकडे शेवटच्या योदशिवाय लिहिला आहे, पण वाचायचा ‘येरुशालायिम’. त्यामुळे लामेद या एकाच अक्षराखाली पताह आणि हिरिक दोन्ही येतात. परवा लिहिलेला ‘व्यंजनाला दोन स्वर नसतात’ हा नियम इथे मोडतो. शिवाय प्रमाण क्रम हिरिकला पताहच्या आधी नेतो, म्हणजे ‘लिया’सारखं काहीतरी. जाणकार लोक मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून क्रम पक्का करतात. माझ्या फाइलीत ते काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी नव्हतं. थेट शब्दच अपवादात टाकला.

तिथेच देवाचं चार अक्षरी नाव (कायम ‘आदोनाय’ वाचायचं), तोरात (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) वावने लिहिलेलं पण ‘ही’ वाचायचं सर्वनाम, आणि ज्याचा दुसरा स मुका आहे तो यिस्साखार.

कातान कामात्सला युनिकोडमध्ये २००५पासून स्वतंत्र कोड आहे, आणि काही नवी प्रार्थनापुस्तकं तो लांब शेपटाचा छापतात. तसा मजकूर मिळाला तर १५ जानेवारीचं निम्मं दुखणं संपतं. मिळेल तिथे तोच वापरायचा.

१६ फेब्रुवारी

टिंबांचे नियम लागले तरी कोणाच्या तोंडचा उच्चार लिहायचा हा प्रश्न उरतोच. पुस्तकाबाहेरचा पुरावा हवा म्हणून इथल्या सिनेगॉगच्या पाट्यांवरची नावं, इंग्रजी अक्षरांतली, एका खाली एक लिहिली. अलिबागचं ‘मागेन अबोथ’, मुंबईचं ‘शाआरे रासोन’, पुण्याचं ‘सुक्कथ शेलोमो’.

तेल अवीवमध्ये हीच नावं आवोत, रात्सोन, श्लोमो अशी ऐकू येतील. स्वर बघितले तर अबोथ आणि रासोन दोन्हींत पहिला कामात्स आ आहे. सेफार्दी वळण पक्कं. शेलोमोत आरंभीचा श्वा स्पष्ट ए. म्हणजे स्वरांच्या बाबतीत व्याकरणाचे जुने नियम इथे इस्रायलपेक्षा जास्त पाळले गेले. व्यंजनांचं वेगळं : टिंब नसलेला बेतही ब, त्सादी म्हणजे स. कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंच्या सहवासाच्या खुणा यात दिसतात. ‘एलियाहू हन्नाबी’ हे मलिद्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या नवस-आभाराच्या विधीच्या, वेळी प्रत्येकाच्या तोंडी असलेलं नाव घ्या. इस्रायली माणूस हानावी म्हणेल. ताववरचं ‘टीएच’ खरोखर थ होतं की त, ते मात्र इंग्रजी स्पेलिंगवरून ठरत नाही.

निर्णय : मुख्य पाठ इथला. बोलता श्वा सगळीकडे ए, दुहेरी व्यंजन दुहेरी, ‘हन्नाबी’ हन्नाबीच. इस्रायली पाठ दुसऱ्या फाइलीत. एका ओळीत दोन्ही दाखवायचे नाहीत. प्रार्थना म्हणताना कंसात कोण बघणार?

२२ फेब्रुवारी

अलिबागच्या आत्यांना ११८वं स्तोत्र छापून दिलं. चष्मा लावून त्यांनी सलग वाचलं, ‘आन्ना आदोनाय’च्या ओळीला चाल आपोआप आली. मध्ये एकदाच थांबून म्हणाल्या, “अरे, हे ‘होदू’ एवढं लांब का लिहिलंस? आम्ही पटकन म्हणतो.” दीर्घ ऊ बघून त्यांनी तो खरोखर लांबवला होता. वहीत त्यांच्या वडिलांनी ऱ्हस्व लिहिलेला.

मराठीच्या शुद्धलेखनाप्रमाणे अखेरचा दीर्घ बरोबर आहे. तरीही आत्यांचं म्हणणं मला जास्त पटतं, पण अखेरचा उकार ऱ्हस्व केला की तरुण वाचकांना ती चूक वाटेल. तूर्त दीर्घच, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोन ओळींची सूचना.

‘आन्ना’ मात्र माझ्या बात्तीमच्या यादीत जायला हवा होता की नाही हे तपासलं. इथे आघात पहिल्याच अवयवावर आहे, त्यामुळे बंद असूनही आ नियमातच बसतो. शिवाय दुहेरी व्यंजनाआधी ‘अ’ लिहायची सूट फक्त पताहला आहे, हा कामात्स. तेव्हा ‘अन्ना’ नको, आन्नाच.

१ मार्च

पुरीमच्या सणाला वाचतात ते बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक चालवायला घेतलं. पहिली अडचण त्यातल्या मर्दखयच्या नावाची. मेमखाली कामात्स, रेशखाली मुका श्वा, दालेतखाली हताफ कामात्स : नियमाने ‘मोर्दोखाय’. सगळे म्हणतात मोर्देखाय, इथेही आणि तिथेही. नियम बरोबर आहे आणि उपयोगाचा नाही. अपवादात टाकलं, शेजारी ‘रूढी’ असा शेरा मारला. अशा शेऱ्याचे शब्द वेगळ्या रंगात छापता येतील का ते फॉन्ट बसवणाऱ्याला विचारायचं आहे. बाकीची प्रकरणं उद्या.